मृदुतालू, नासिकावायू आणि पक्ष्माभिकांचा एक आनुवंशिक विकार

ध्वनिविचाराच्या प्राथमिक ग्रंथांत मृदुतालूचे वर्णन पहिल्या काही पृष्ठांतच येते. टाळूचा मागील, अस्थिरहित व स्नायुमय भाग तो मृदुतालू. तो वर उचलला जाऊन घशाच्या मागील भिंतीस टेकला म्हणजे नाकाचा मार्ग बंद होतो आणि फुप्फुसांतून येणारी सर्व हवा मुखावाटे बाहेर पडते. तो खाली उतरला म्हणजे त्याच हवेस नाकाची वाट मोकळी होते. ब् आणि म् या दोन वर्णांच्या उच्चारात ओठांची क्रिया एकच आहे, घोषही एकच आहे. भेद आहे तो मृदुतालूच्या स्थितीचा. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्या करताना मुख आणि नासिका या दोहोंचा एकत्र निर्देश केला, त्याचे मर्म हेच. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाने उच्चारलेला ‘मामा’ ऐकणाऱ्यास ‘बाबा’सारखा का वाटतो, याचाही उलगडा येथेच होतो.

भाषाभ्यासकाच्या इतक्या परिचयाचे हे द्वार गेल्या तीस वर्षांत वैद्यकातील एका परीक्षेच्या केंद्रस्थानी येऊन बसले आहे. श्वसनमार्गाच्या एका दुर्मिळ व आनुवंशिक विकाराचा संशय असलेल्या मुलाच्या नाकातील हवेत एका विशिष्ट वायूचे प्रमाण किती आहे, हे या परीक्षेत मोजतात. मोजणी चालू असताना मुलाने आपला मृदुतालू घट्ट बंद ठेवला पाहिजे, ही तिची मुख्य अट आहे. ती अट पाळली गेली नाही तर निरोगी मुलाचाही आकडा रोग्याच्या आकड्यासारखा उतरू शकतो. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. तथापि ज्या परीक्षेचा खरेखोटेपणा एका उच्चारक्रियेवर अवलंबून आहे, तिच्याविषयी ध्वनिविचाराच्या अभ्यासकाने चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम विकाराविषयी. नाकाचा अंतर्भाग, नासाकोटरे (ज्यांना आपण व्यवहारात सायनस म्हणतो), मध्यकर्ण आणि श्वासनलिका या सर्वांच्या आतील अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. लॅटिनमधील ‘सिलियम’ या शब्दाचाही अर्थ पापणी असाच आहे, तेव्हा आपल्या परिभाषाकारांनी येथे प्रतिमा मुळातलीच उचलली, आणि ते योग्यच झाले. एकेका पेशीवर अशा सुमारे दोनशे पक्ष्माभिका असतात. प्रत्येकीची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. सेकंदास दहा-पंधरा वेळा त्या एका दिशेने झुकतात व परत येतात. वाऱ्याने जोंधळ्याच्या शेतावर लाट जावी तशी ही हालचाल त्या अस्तरावरून सरकत जाते, आणि धूळ, जंतू व मृत पेशी यांना चिकटवून घेणारा श्लेष्मा तिच्यायोगे घशाकडे वाहून नेला जातो. हे काम अहोरात्र चालते आणि निरोगी माणसास त्याची जाणीवही नसते.

पक्ष्माभिकेचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता नऊ जोडनलिकांचे एक वर्तुळ व मध्यभागी दोन सुट्या नलिका अशी रचना दिसते. वर्तुळातील प्रत्येक जोडीला शेजारच्या जोडीकडे वळलेले दोन लहान ‘बाहू’ असतात. स्वीडिश शास्त्रज्ञ ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी १९५९ साली समुद्रातील साळिंदराच्या, म्हणजे सी-अर्चिन या काटेरी प्राण्याच्या, शुक्रपेशींच्या पुच्छात हे बाहू पाहून त्यांचे वर्णन केले. बाहू ज्या प्रथिनाचे बनलेले असतात त्याला इयन गिबन्स आणि त्यांचे सहकारी रो यांनी १९६५ साली ‘डायनीन’ हे नाव दिले. बलाचे एकक जे ‘डाइन’, त्यावरून ते घडविले आहे. नाव सार्थ आहे, कारण पक्ष्माभिकेस वाकविणारे बल याच प्रथिनाकडून येते.

आता या विकाराच्या नामकरणाचा इतिहास थोडा सविस्तर सांगावासा वाटतो, कारण नाव बदलले की वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही कशी बदलते याचे ते चांगले उदाहरण आहे. झुरिक येथील वैद्य मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्यात तीन गोष्टी एकत्र आढळल्या होत्या : नासाकोटरांचा जुनाट दाह, श्वासनलिकांचा कायमचा विस्फार, आणि हृदय उजवीकडे व यकृत डावीकडे अशी अंतरिंद्रियांची उलट मांडणी. असाच एक रुग्ण सिव्हर्ट यांनी १९०४ साली नोंदविला होता, परंतु समुच्चयाला नाव मिळाले ते कार्टागेनर यांचे. या नावाने तिन्ही लक्षणे एकत्र बांधली, पण ती एकत्र का यावीत हे त्यातून कळत नव्हते. वाहणारे नाक आणि उजवीकडचे हृदय यांचा संबंध तो काय?

तो संबंध त्याच आफ्झेलियस यांच्या हाती लागला, आणि तोही आडवाटेने. ज्यांच्या शुक्रपेशी हालतच नव्हत्या अशा पुरुषांची तपासणी करताना त्यांना त्या पेशींच्या पुच्छांत डायनीनचे बाहू आढळले नाहीत. या पुरुषांना वारंवार खोकला व सर्दी होत असे, त्यांच्या श्वासनलिकांतील पक्ष्माभिकांतही बाहूंचा अभाव होता, आणि काहींच्या शरीरातील इंद्रिये उलट बाजूंस होती. १९७६ साली आफ्झेलियस यांनी हे सर्व एका सूत्रात ओवले. गर्भावस्थेच्या आरंभी इंद्रियांची डावी-उजवी बाजू ठरविण्याचे कामही पक्ष्माभिकाच करीत असाव्यात, आणि त्या निकामी असल्या तर बाजू केवळ यदृच्छेने ठरत असावी, असे अनुमान त्यांनी मांडले. यदृच्छेने म्हणजे निम्म्या वेळा सरळ आणि निम्म्या वेळा उलट; या विकाराच्या रुग्णांत उलट मांडणीचे प्रमाण जवळजवळ निम्मेच आढळते. पुढे १९९८ साली जपानमध्ये नोनाका, हिरोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात पक्ष्माभिकांच्या फिरण्याने द्रव डावीकडे वाहतो हे प्रत्यक्ष दाखविले, तेव्हा त्या अनुमानाला भक्कम आधार मिळाला.

आफ्झेलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ पासून ‘निश्चल पक्ष्माभिकांचा लक्षणसमुच्चय’ असे नाव वापरले. परंतु पुढे दिसून आले की, पुष्कळ रुग्णांच्या पक्ष्माभिका निश्चल नसतात. त्या हालतात, पण ताठपणे, गोल फिरून किंवा ताल सोडून हालतात, आणि श्लेष्मा पुढे सरकत नाही. म्हणून १९८१ साली स्लाय यांनी ‘प्राथमिक पक्ष्माभिका-दुश्चलन’ या अर्थाचे नाव सुचविले व तेच आज रूढ आहे. ‘प्राथमिक’ म्हणजे जन्मजात व आनुवंशिक. धूम्रपान किंवा जंतुसंसर्ग यांनी पक्ष्माभिकांची तात्पुरती हानी होते, ती यात धरावयाची नाही. पहिले नाव व्यक्तीचे, दुसरे अतिव्याप्त, तिसरे मोजके.

हा विकार बहुधा अप्रभावी जनुकांमुळे होतो; म्हणजे आई व वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच तो प्रकट होतो आणि मातापिता स्वतः निरोगी असतात. त्याला कारणीभूत होणारी पन्नासांहून अधिक जनुके आजवर सापडली आहेत. पूर्वी दहा ते वीस हजारांत एक असे त्याचे प्रमाण मानीत. जनुकीय माहितीच्या मोठ्या संग्रहांवरून २०२२ साली केलेल्या गणनेनुसार ते सुमारे साडेसात हजारांत एक इतके असावे. दोघा पालकांचा पूर्वज एकच असेल तेथे अप्रभावी विकारांचा संभव वाढतो, हे उघड आहे. मामेबहिणीशी विवाह करण्याची रूढी महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. इरावती कर्वे यांच्या भारतीय नातेसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात तिची चर्चा आहे. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या अपत्यास एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याचा संभव सोळांत एक असतो. म्हणून कुटुंबाचा इतिहास विचारताना वैद्याने ‘नात्यात लग्न झाले आहे काय?’ हा प्रश्न विसरू नये, आणि विचारताना तो दोषारोपासारखा विचारू नये.

रोग्याच्या आयुष्यात हा विकार कसा उतरतो? पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे मूल जन्मते आणि पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच त्याला धाप लागते. प्राणवायू द्यावा लागतो. अशा रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या जन्मकथेत ही घटना आढळते. मूल सुधारून घरी जाते, पण नाक वाहते ते वाहतेच, आणि ओला, कफाचा खोकला पावसाळा-हिवाळा न पाहता बाराही महिने टिकतो. कधी त्याला दमेकरी ठरवितात, कधी ॲलर्जी म्हणतात, कधी हवापालट सुचवितात. ‘कफप्रकृतीचे आहे, मोठे झाले की जाईल’ असे म्हणणारी वडीलधारी माणसे प्रत्येक घरात असतात. श्वासनलिकांत साचलेल्या कफात जंतू घर करतात, नलिका सैल व विस्फारित होतात, आणि झालेली ती हानी पुढे भरून येत नाही.

कानाचा भाग भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. मध्यकर्णातील द्रव निचरून नेण्याचे काम पक्ष्माभिकांचेच. ते थांबले म्हणजे पडद्यामागे चिकट द्रव साचतो आणि मुलास कमी ऐकू येते. ही श्रवणहानी संपूर्ण नसते, म्हणूनच ती लवकर ध्यानात येत नाही. मोठ्याने हाक मारली तर मूल वळून पाहते. मात्र स्, त्, क् यांसारखे क्षीण अघोष ध्वनी, विशेषतः शब्दाच्या अखेरीस आलेले, त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, आणि मुलाने भाषा उचलण्याचे वय नेमके हेच असते. बोलणे उशिरा येणारे, अस्पष्ट बोलणारे व सदैव चोंदलेल्या नाकाचे मूल वाचादोषाच्या तज्ज्ञाकडे येते, तेव्हा त्या तज्ज्ञाने बाराही महिन्यांच्या ओल्या खोकल्याची व जन्मवेळच्या धापेची विचारपूस केली, तर निदानाची पहिली दिशा तेथूनही मिळू शकते.

निदानास विलंब होतो ही कल्पना नव्हे. युरोपातील सव्वीस देशांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत निदानसमयीचे मध्यम वय ५.३ वर्षे आढळले. ज्यांचे हृदय उजवीकडे होते त्यांचे निदान ३.५ व्या वर्षी झाले होते आणि ज्यांची इंद्रिये यथास्थान होती त्यांचे ५.८ व्या वर्षी. उजवीकडचे हृदय क्ष-किरणचित्रात कोणासही दिसते. निम्म्या रुग्णांपाशी ती ठळक खूण नसते, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या एखाद्या खुणेची गरज होती. ती नाकातील हवेत सापडली.

निश्वासातील हवेत नायट्रिक ऑक्साइड हा वायू असतो, हे गुस्ताफ्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखविले. हा वायू तोवर मुख्यतः मोटारींच्या धुरातील दूषक म्हणून माहीत होता. रक्तवाहिन्या सैल करणारा शरीरातील निरोप्या ही त्याची नवी ओळख त्याच सुमारास पटत होती आणि तिच्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॉकहोम येथील लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली असे दाखविले की, निश्वासातील या वायूचा बहुतेक भाग फुप्फुसांतून येत नसून नाकातून येतो. त्याच निबंधात त्यांनी असेही नोंदविले की, कार्टागेनर-समुच्चयाच्या रुग्णांच्या नाकात तो जवळजवळ नसतोच. पुढील वर्षी त्यांनी नासाकोटरांतील हवाच तपासली. निरोगी माणसाच्या त्या बंदिस्त पोकळ्यांत हा वायू अतिशय दाट प्रमाणात भरलेला असतो आणि तेथून तो नाकात झिरपतो, असे दिसून आले.

पक्ष्माभिकांच्या रुग्णांत हा वायू इतका कमी का असावा, याचा अंतिम निर्णय विज्ञानात अद्याप झालेला नाही. त्यांची नासाकोटरे पुष्कळदा खुरटलेली असतात, हे एक कारण सांगतात. वायू घडविणारे विकरच मंदावलेले असते, हे दुसरे. घट्ट श्लेष्म्यात वायू कोंडून राहतो, हे तिसरे. पण कारण न कळताही खूण उपयोगी पडू शकते. वैद्यकात हे नेहमीच घडत आले आहे.

मोजणी अशी करतात. मऊ बोंड लावलेली एक नळी मुलाच्या एका नाकपुडीत बसवितात. दुसरी नाकपुडी मोकळी राहते. यंत्र त्या नळीतून ठराविक वेगाने, साधारणतः दर मिनिटास ०.३ लिटर, हवा ओढून घेते. मोकळ्या नाकपुडीतून आत आलेली खोलीतील हवा मृदुतालूच्या वरच्या बाजूने वळसा घालून दुसऱ्या नाकपुडीतून यंत्राकडे जाते आणि वाटेत नाकातील वायू आपल्याबरोबर नेते. यंत्रात तिचा ओझोनशी संयोग घडवून आणतात. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन यांच्या अभिक्रियेत क्षीण प्रकाश उत्पन्न होतो, आणि तो जितका अधिक तितका वायू अधिक. विद्युत्-रासायनिक संवेदकावर चालणारी लहान व स्वस्त यंत्रेही आता मिळतात. पण परीक्षेचे प्रमाण म्हणून प्रकाशमापनाचे यंत्रच धरले जाते.

हे चालू असताना मुलाने काय करावयाचे? त्याने तोंडाने, अरुंद तोंडाच्या नळीतून, सावकाश व सलग फुंकावयाचे. परीक्षेचे सारे मर्म या फुंकण्यात आहे. अडथळ्याविरुद्ध फुंकताना मुखात दाब निर्माण होतो, आणि तो दाब टिकवावयाचा तर नाकाची वाट बंद असलीच पाहिजे. म्हणून मृदुतालू आपोआप वर जाऊन बसतो. प्, ट्, क् या स्पर्शवर्णांच्या वेळी क्षणभर जे घडते तेच येथे कित्येक सेकंद धरून ठेवावे लागते. चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करणारी बाई हेच करीत असते, आणि तिला मृदुतालू हे नावही ठाऊक नसते. मुलांसाठी काही ठिकाणी जत्रेत मिळणारी, फुंकताच उलगडणारी कागदाची पिपाणी देतात. पिपाणी उलगडलेली राहिली की फुंकर टिकून आहे हे परीक्षकास दिसते आणि मुलाचीही करमणूक होते. यंत्राचा आलेख वर चढून काही काळ सपाट राहावा लागतो. किमान तीन सेकंदांचा स्थिर सपाट भाग मिळाला तरच ती नोंद ग्राह्य मानतात, आणि दोन्ही नाकपुड्यांच्या नोंदींची सरासरी घेतात.

मृदुतालू उघडा राहिला तर काय होते, याचा विचार आता सहज करता येईल. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेत हा वायू फार थोडा असतो, एक अब्ज भागांत दहा-वीस भाग; नाकातील हवेत तो शेकड्यांनी असतो. द्वार उघडे असले की खालची विरळ हवा वर येऊन वरच्या दाट हवेत मिसळते आणि आकडा घसरतो. दुधात पाणी घालून त्याची प्रत तपासण्यासारखाच तो प्रकार होय. म्हणून काही प्रयोगशाळांत नाकातून ओढलेल्या हवेतील कार्बन डायऑक्साइडही मोजतात. तो आढळला म्हणजे फुप्फुसांतील हवा नाकात शिरते आहे, अर्थात तालू बंद नाही, हे कळते. जन्मतः दुभंगलेल्या टाळूच्या मुलास हे द्वार बंदच करता येत नाही, आणि त्याच्या बाबतीत या पद्धतीने मिळालेल्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आकड्याचा हिशेब सोपा आहे. हवेतील वायूचे प्रमाण, म्हणजे अब्जांत किती भाग, याला दर मिनिटास ओढलेल्या लिटरांनी गुणले की दर मिनिटास किती नॅनोलिटर वायू निर्माण होतो ते मिळते. प्रमाण १,००० असेल आणि वेग ०.३ लिटर असेल तर उत्तर ३०० नॅनोलिटर. लेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अमेरिकेतील अनेक केंद्रांत एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत निरोगी व्यक्तींची सरासरी सुमारे ३०० आणि या विकाराच्या रुग्णांची सुमारे २० नॅनोलिटर आली. त्यावरून ७७ नॅनोलिटर ही सीमारेषा ठरली व ती आज सर्वत्र उद्धृत होते. हवा ओढण्याचा वेग बदलला की अब्जांशातील आकडा बदलतो. सबब एका यंत्राचा कच्चा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणे अशास्त्रीय आहे.

येथे एका वेगळ्या, पण ध्वनिशास्त्राला अधिक जवळच्या प्रयोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली निरोगी माणसांना ओठ मिटून गुणगुणावयास, म्हणजे दीर्घ म् उच्चारावयास, सांगितले आणि नाकावाटे येणारी हवा तपासली. नुसत्या निश्वासाच्या तुलनेने वायूचे प्रमाण पंधरापट आढळले. मृदुतालू येथे खाली असतो, नाक उघडे असते, आणि स्वरतंतूंच्या कंपनाने नाकातील हवा हेलकावे घेते. त्या हेलकाव्यांनी नासाकोटरांच्या चिंचोळ्या तोंडांतून आतील वायू बाहेर खेचला जातो. ज्यांच्या नाकात मांसांकुर वाढून ही तोंडे बुजलेली असतात त्यांच्यात गुणगुणण्याने अशी वाढ होत नाही, हेही पुढील वर्षी त्यांनी दाखविले. या प्रयोगाचा आधार घेऊन भ्रामरी प्राणायामाने अमुक रोग बरे होतात अशी विधाने आपल्याकडे आता सर्रास केली जातात. प्रयोगाने मोजला तो वायू. रोग बरा होतो की नाही हे मोजले नव्हते. अनुनासिक वर्णाच्या उच्चारात नासाकोटरांचाही वाटा असतो ही ध्वनिविचाराला ठाऊक असलेली गोष्ट त्याने एका नव्या बाजूने स्पष्ट केली, एवढे त्याचे मोल निश्चित आहे.

आता कमी आकडा आला म्हणजे विकार सिद्ध झाला काय? नाही. पुटकोशीय तंतुमयता, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, या दुसऱ्या आनुवंशिक विकारातही काही रुग्णांत हा आकडा खाली येतो. म्हणून घामातील क्लोराइडची परीक्षा वगैरे करून तो विकार आधी वगळावा लागतो. ताजी सर्दी, नाकातील मांसांकुर, नासाकोटरांचा तीव्र दाह यांनीही आकडा घसरतो. यास्तव परीक्षा मूल त्यातल्या त्यात बरे असताना घ्यावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावी, असा दंडक आहे. उलट, आकडा चांगला आला म्हणून विकार नाही असेही म्हणता येत नाही. आरएसपीएच१ सारख्या काही जनुकांत दोष असलेल्या रुग्णांत वायूचे प्रमाण सीमारेषेच्या वरही आढळते. लक्षणे ठळक असतील तर चांगल्या आकड्यावर विसंबून शोध थांबविणे ही चूक होय.

दुसऱ्या परीक्षांचीही हीच गत आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे तीस टक्के रुग्णांच्या पक्ष्माभिकांची रचना निर्दोष दिसते. जनुकपरीक्षेतही सर्व रुग्णांचा दोष सापडतो असे नाही. नाकातून घासून काढलेल्या पेशींचे अतिजलद चित्रीकरण करून हालचाल तपासतात. ते वाचण्यास कसलेली नजर लागते. युरोपीय श्वसनसंस्थेने २०१७ साली आणि अमेरिकन वक्षसंस्थेने २०१८ साली निदानाच्या निरनिराळ्या पायऱ्या सांगितल्या, व २०२५ साली दोघींनी मिळून एक मार्गदर्शिका काढली. तिचाही रोख असाच आहे की, कोणतीही एक परीक्षा एकटी पुरेशी नाही. शब्दाचा अर्थ वाक्यावरून ठरतो असे आपण विद्यार्थ्यांस सांगतो. येथेही आकड्याचा अर्थ रोग्याच्या कथेवरून ठरतो. पूर्ण दिवसांच्या अर्भकास लागलेली अकारण धाप, बाळपणापासूनचा बारमाही ओला खोकला, बारमाही चोंदलेले नाक आणि इंद्रियांची उलट किंवा विस्कळीत मांडणी, या चारांपैकी दोन तरी गोष्टी असतील तेथे या परीक्षेला खरा अर्थ आहे. साध्या सर्दीच्या प्रत्येक मुलास यंत्रापुढे बसविले, तर खोट्या संशयांचीच संख्या वाढेल.

निदान झाल्याने पुढे काय साधते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. विकार मुळातून नाहीसा करणारा उपाय आज नाही. पण जे काम पक्ष्माभिका करीत नाहीत ते बाहेरून करता येते : रोज नेमाने श्वसनव्यायाम व कफ सुटा करून काढणे, थुंकीतील जंतूंची वेळोवेळी तपासणी, वेळीच प्रतिजैविके, लसी, श्रवणाची नियमित चाचणी. ॲझिथ्रोमायसिन हे औषध सहा महिने नेमाने दिल्यास छातीच्या तीव्र आजाराचे प्रसंग निम्म्याहूनही कमी होतात, असे युरोपातील अनेक केंद्रांत मिळून झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. दम्याची निरुपयोगी ठरणारी औषधे वर्षानुवर्षे घेणे टळते, हाही लाभ लहान नाही. आणि पाठच्या भावंडांस तोच विकार असण्याचा संभव चारांत एक असल्यामुळे त्यांचीही तपासणी वेळेवर होऊ शकते.

सर्वांत अवघड प्रश्न लहान मुलांचा. चार-पाच वर्षांखालील मुलास सांगितल्याप्रमाणे दहा-पंधरा सेकंद फुंकर धरता येत नाही. ज्या वयात निदानाची निकड सर्वांत अधिक, त्याच वयात तालूवर हुकमत नसते. अशा मुलांच्या बाबतीत स्वाभाविक श्वासोच्छ्वास चालू असतानाच नाकातील हवा ओढून मोजणी करतात. परंतु तीत फुप्फुसांतील हवा मिसळते आणि आकडे खाली येतात. शिवाय पहिल्या वर्षात नासाकोटरेच पुरती वाढलेली नसल्यामुळे निरोगी अर्भकांतही हा वायू कमीच असतो. सबब ७७ ची सीमारेषा त्यांना लावता येत नाही, आणि अशा मोजणीस पूर्वसूचनेहून अधिक किंमत देत नाहीत. मूल पाच वर्षांचे होऊन नीट फुंकू लागले म्हणजे परीक्षा पुन्हा घेतात, आणि अहवालात आकड्याच्या शेजारी मोजणीची पद्धत, हवा ओढण्याचा वेग व मोजणीच्या वेळी तालू बंद होता की नाही, या तिन्हींची नोंद करतात.